कोकम सावर

आजचा दिवस कोरेगाव पार्कातल्या एका बारच्या नव्या मेन्यूत गेला. कोकम सावर, म्हणजे आंबट-गोड कॉकटेल, शेवटी असं ठरलं: जिन ५० मिली, कोकमाचा पाक २५, ताजा लिंबूरस १०, छोले शिजवलेलं आटवलेलं पाणी २०. आधी बर्फाशिवाय १५ सेकंद शेक, मग बर्फ घालून १२ सेकंद, दोनदा गाळून थंड ग्लासात. फेसावर चिमूटभर भाजलेली जिरेपूड.

पाकासाठी आगळ अजिबात नको, त्यात मीठ असतं, जिनचा सुगंध दबतो. १०० ग्रॅम आमसुलं ३०० मिली पाण्यात चार तास भिजवा, गाळा, जेवढं भरेल तेवढ्याच वजनाची साखर घालून मंद आचेवर विरघळवा. उकळलंत तर ताजेपणा जातो. आमसुलांचा आंबटपणा दर खेपेला वेगळा, काहींना मीठही लावलेलं असतं. म्हणून लिंबू किती ते पाक चाखूनच ठरवायचं.

छोल्यांचं पाणी अंड्याऐवजी, फेसासाठी आहे; छोले शिजवताना मीठ-सोडा नको. अंड्याचा पांढरा भाग फेस जास्त टिकवतो हे खरं, पण पुण्यात श्रावणात अंडं चालत नाही आणि जिन चालते, त्याला काय करणार! ओला, बारीक बर्फ मात्र टाळा. शेक होईपर्यंत निम्मा वितळतो आणि हातात सरबत उरतं.