गच्चीवरचं एआयएस, भाग 6: फिफो निर्दोष सुटला

सापडलं! एआयएस म्हणजे जहाजं रेडिओवरून आपलं स्थान सांगत राहतात ती यंत्रणा. मागच्या भागात तिच्या नोंदी दहा-दहा मिनिटं उशिरा येतात म्हणून रडत होतो ना, ते भूत काल रात्री उतरलं.

जोडणी तीच: डोंगल (यूएसबीचा रेडिओ रिसीव्हर), डिकोडर (सिग्नलमधून मजकुराच्या ओळी काढणारा प्रोग्रॅम), मग फिफो (नाव दिलेला पाइप: एक प्रोग्रॅम लिहितो, दुसरा वाचतो), त्याच्या पलीकडे माझी नोंदींची स्क्रिप्ट. माझगावच्या गच्चीवरून बघतोय, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो डोळ्यांदेखत निघून जाते आणि नकाशावर ती अजून धक्क्यालाच चिकटलेली. मग एकदम ऐंशीएक ओळी धाडकन कोसळतात. पुन्हा सामसूम.

संशय अर्थातच पाइपवर. लिनक्सच्या पाइपमध्ये 64 केबी मावतात. म्हटलं, तेवढे साठल्याशिवाय सोडत नसेल. निव्वळ अडाणीपणा! पाइप भरायची वाट बघतच नाही. एक बाइट पडला तरी वाचणाऱ्याला तो लगेच मिळतो. पाइप भरला की अडतो तो लिहिणारा. तरी मी शहाण्याने क्षमता 1 एमबीपर्यंत वाढवून बघितली. फरक शून्य. मग राग निघाला लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एसएमए पिगटेलवर (अँटेना जोडायची आखूड केबल). तिचा क्रिंप (दाबून बसवलेला जोड) हलतो हे खरंच, पण उशिराशी तिचा काय संबंध?

धागा मिळाला तो एका तुटक्या ओळीत. प्रत्येक घोळक्याची शेवटची ओळ मधेच कापलेली, आणि उरलेलं शेपूट पुढच्या घोळक्याच्या डोक्यावर. डिकोडरला एस्ट्रेस (प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावला: राइट, 4096, म्हणजे एका दमात 4096 बाइट लिहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा राइट, 4096. म्हणजे साठा पाइपमध्ये नाही, डिकोडरच्या पोटात! समोर टर्मिनल असेल तर डिकोडर वापरतो ती सी लायब्ररी ओळीओळीने सोडते. पाइप दिसला की बफर (तिचा तात्पुरता साठा) भरेपर्यंत दाबून ठेवते. स्थान सांगणारी एक ओळ साधारण 49 बाइटची, 4096 मध्ये त्र्याऐंशी. हिशेब चोख.

डिकोडरच्या आधी ‘एसटीडीबफ -ओएल’ लावलं, म्हणजे ओळ पुरी झाली की लगेच सोड असं बजावलं, बस्स. (स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे सी लायब्ररी पोटातच घेतलेल्या, बायनरीवर ही युक्ती चालत नाही, उगाच डोकं आपटू नका.) आज सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेलो. रो-रो वळली, मोबाइलवरचा ठिपकाही वळला. कप हातातच गार झाला.

आता नकाशाचा प्रोग्रॅम वेगळा काढायचाय. एकाच फिफोवर दोन वाचक बसवले तर प्रत्येकाला प्रत मिळत नाही, ओळींची वाटणी होते. म्हणून ‘टी’ने (एका प्रवाहाच्या प्रती काढणारी आज्ञा) दोन फिफो भरायचं ठरवलं होतं... पण थांबा, नकाशा हँग झाला की त्याचा फिफो तुंबणार, टी अडणार आणि नोंदीही उपाशी. नकोच. नकाशाला यूडीपीने पाठवतो, म्हणजे नेटवर्कवर सोडून मोकळं व्हायचं, पोचलं का ते बघत बसायचं नाही. एखादी ओळ हरवली तरी चालत्या जहाजाकडून काही सेकंदांत दुसरी येतेच. फिफो फक्त नोंदींना.

पिगटेल मात्र नवी आणावीच लागणार. या खेपेला दुकानातच ओढून बघणार, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो.