१६ ने जड निघालेला रेणू

पेशीला प्रथिनाची कृती पोहोचवणारा रेणू म्हणजे एमआरएनए. तो पेशीत नेणारे बारीक कण मी लिपिडांपासून, म्हणजे तेलकट रेणूंपासून, बनवते. माझ्या पहिल्या लिपिडने एमआरएनए अगदी घट्ट धरला. कण ९० नॅनोमीटरच्या आसपास, जवळपास सगळे सारख्या आकाराचे, आणि ९० टक्क्यांहून जास्त आरएनए आत बंदिस्त. दुसऱ्या दिवशी पेशींच्या प्लेटमध्ये ल्युसिफेरिन टाकलं, प्लेट रीडरमध्ये सरकवली आणि बघते तर काय, काहीच न दिलेल्या पेशींचे आणि माझ्या कणांचे आकडे सारखेच! आमच्या एमआरएनएमध्ये काजव्याच्या ल्युसिफरेजची कृती लिहिलेली असते. पेशीने ती वाचून ते प्रथिन बनवलं, तर ल्युसिफेरिनशी मिळून उजेड पडतो. इथे कुणी ती वाचलीच नव्हती.

लिपिडाच्या रेणूने मिसळताना आरएनए धरायचा असतो आणि पेशीत गेल्यावर सोडायचा असतो. दोन्ही कामं एका नायट्रोजनवर अवलंबून असतात. आम्ही लिपिडं इथेनॉलमध्ये आणि आरएनए पीएच ४ च्या सायट्रेट बफरमध्ये घेऊन मिसळतो. त्या आम्लात नायट्रोजन धनभारित होतो आणि ऋणभारित आरएनएला पकडतो. रक्ताच्या ७.४ पीएचला त्याने भार टाकून द्यायला हवा, नाहीतर कण विषारी ठरतात. पेशीने कण गिळला की तो एन्डोसोम नावाच्या पिशवीत अडकतो. ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते, तेव्हा नायट्रोजनने पुन्हा भार घेऊन पिशवीचं आवरण फोडायचं. यकृतात सर्वांत चांगलं काम करणाऱ्या लिपिडांचं पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा, ६.२ ते ६.५ या अरुंद पट्ट्यात असतं. २०१८ साली मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधातलं लिपिडही याच पट्ट्यातलं. आणि इतकं जुळूनही पिशवीबाहेर किती पडतं? २०१३ च्या एका अभ्यासात आत गेलेल्या एसआयआरएनए या छोट्या आरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्के बाहेर पडताना दिसला होता. तो आकडा वाचल्यापासून हा विषय मला सोडवत नाही.

माझ्या रेणूचं पीकेए सातच्या वर निघालं. मॅडमनी कागदावर रचना बघितली आणि विचारलं, "नायट्रोजनपासून दोन कार्बनवर हायड्रॉक्सिल का नाही लावत?" हायड्रॉक्सिलमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि नायट्रोजनची भार घ्यायची ओढ कमी होते. एका लहान अमिनो अल्कोहोलला एस्टर असलेल्या दोन लांब शेपट्या जोडल्या. एस्टर हा तुटू शकणारा बंध मुद्दाम ठेवला, म्हणजे काम झाल्यावर शरीराला रेणू तोडता येतो. पीकेए ६.५ वर आलं आणि प्लेट उजळली. त्या दिवशी मी ते आकडे तीनदा वाचून काढले होते.

मग उंदरांसाठी मोठी खेप करायला घेतली.

लिपिडांचं शुद्धीकरण चिकाटीचं काम आहे. ही संयुगं यूव्हीखाली दिसत नाहीत, म्हणून मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारी प्रत्येक टीएलसी प्लेट आयोडीनच्या बरणीत ठेवून तपकिरी डाग उमटायची वाट बघावी लागते. अमाइन, म्हणजे आमचं नायट्रोजनवालं संयुग, शुद्धीकरणाच्या कॉलममधल्या सिलिकाला चिकटून शेपूट काढतं, त्यासाठी सॉल्व्हंटमध्ये थोडा अमोनिया घालावा लागतो. हे सगळं नीट पार पडलं. तेल आधीच्या खेपेपेक्षा स्वच्छ दिसत होतं, रेणूची रचना दाखवणारा एनएमआर निर्मळ होता. कण बनवले, आकार तोच, बंदिस्तपणा तोच. उजेड मात्र निम्मा. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेले कण पुन्हा तपासले, तर जवळजवळ अंधार.

त्यानंतरचे दोन महिने एकेक संशयित बाद करण्यात गेले. पेशी नव्या गोठवलेल्या साठ्यातून काढल्या, एमआरएनए बदलला, ल्युसिफेरिनची नवी कुपी फोडली. विकत मिळणाऱ्या लिपिडाचे कण त्याच प्लेटमध्ये शेजारीच झगझगत होते, म्हणजे पेशींचा दोष नव्हता. आरएनए तुटत असेल म्हणून कणांतून तो काढून लांबीनुसार रेणू वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसवर चालवला. लांबी पूर्ण! अखंड आरएनए पेशीत जातोय आणि पेशीला तो वाचता येत नाही, हे मला पटेना. शेवटी उरलं ते माझं तेल, आणि त्याचा एनएमआर तर मी स्वतः बघितला होता.

"एनएमआरमध्ये एक टक्क्याच्या खालचं काय दिसणार तुला?" मॅडम म्हणाल्या. "मास बघ."

रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या एलसी-एमएसवर मुख्य शिखराच्या बाजूला एक बारीक उंचवटा होता. त्याचं वस्तुमान माझ्या रेणूपेक्षा बरोबर १६ ने जास्त. १६ म्हणजे एक ऑक्सिजन. तो बसला होता थेट नायट्रोजनवर, ज्याच्या जिवावर सगळं चाललं होतं त्याच्यावर! अशा एन-ऑक्साइडचं पाण्यात विघटन होऊन अल्डिहाइड तयार होऊ शकतो, आणि तो अल्डिहाइड आरएनएच्या बेसला जाऊन चिकटतो. साखळी तुटत नाही, म्हणून लांबी पूर्ण दिसते, पण प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमला ती वाचता येत नाही. एमआरएनए आणि लिपिडाचं हे जोडाळं २०२१ मध्ये एका शोधनिबंधात सविस्तर मांडलं गेलं होतं. मी तो वरवर चाळला होता, माझ्याच बाटलीत हे घडत असेल असं मनात आलं नव्हतं. मग कणांतून काढलेला आरएनए त्या निबंधातल्याच पद्धतीने रिव्हर्स-फेज कॉलमवर चालवला. मुख्य शिखरामागून उशिरा येणारा एक रुंद फुगवटा दिसला. चिकटलेल्या लिपिडामुळे आरएनए तेलकट होतो, म्हणून कॉलम त्याला धरून ठेवतो. ताज्या कणांत तो फुगवटा लहान होता, आठवडाभराच्या कणांत मोठा.

ऑक्सिजन आला कुठून? वही मागे उलगडत गेले. मोठ्या खेपेला ईथर जास्त लागलं होतं आणि मी कपाटातली अर्धी उरलेली जुनी बाटली वापरली होती. पेरॉक्साइड तपासायची पट्टी तिच्यात बुडवली, तर ती निळी झाली. ईथर उघडं राहिलं की पेरॉक्साइड धरतं हे पदवीच्या वर्गात शिकले होते, तिथे ते स्फोटाच्या भीतीपोटी शिकवतात. ते माझ्या अमाइनलाही गाठेल, हा विचार मी केला नव्हता. वर ते तेल कित्येक दिवस टेबलावरच, साध्या हवेत पडून होतं.

तिसरी खेप नव्या सॉल्व्हंटमध्ये केली. प्रत्येक बाटली उघडताना पट्टी बुडवली. तेल छोट्या तपकिरी कुप्यांत वाटून, वर आरगॉन भरून उणे २० ला ठेवलं, म्हणजे एकच कुपी पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही. वजन १६ ने जास्त असलेला उंचवटा मोजण्याइतकाही उरला नव्हता.

कण बनवून पहिल्या दिवशी प्लेट वाचली आणि उरलेले फ्रिजमध्ये ठेवले. सातव्या दिवशी पुन्हा वाचली. दोन्ही दिवसांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले, ते जवळपास सारखे होते. मॅडमनी वही हातात घेतली, दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता उंदरांची तारीख घे."