ऊत्सीराचा पत्ता: एच की यू?

नॉर्वेत सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर आल्यावर आठ दिवसांत लोकसंख्या नोंदवहीकडे कळवायचं. पासपोर्ट, निवास परवाना, नोकरीचा करार: यात कुठे काही अडलं नाही. अडलं ते एका अक्षरावर.

ऊत्सीरा म्हणजे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हाउगेसुंद शहरासमोर भर समुद्रातलं सहा चौरस किलोमीटरचं बेट. वस्ती दोनशेच्या आसपास, तरी १९२४ पासून स्वतंत्र ‘कोमुने’, म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायतच म्हणा, पण अधिकार नगरपालिकेचे. कोमुने क्रमांक ११५१. पहिले दोन आकडे रोगालान जिल्ह्याचे.

एका घरात दोन बिऱ्हाडं असली की नुसता रस्ता आणि घर क्रमांक चालत नाही, बिऱ्हाडाचाही क्रमांक लागतो. एक अक्षर, चार आकडे. एच म्हणजे मुख्य मजला, यू म्हणजे जमिनीत अर्धवट गेलेला, के तळघर, एल माळा. पहिले दोन आकडे मजल्याचे, शेवटचे दोन डावीकडून कितवं दार त्याचे. भाडेकरारात लिहिलं होतं एच०१०१. ते घरमालकांचं स्वतःचं बिऱ्हाड! मी खाली, यू०१०१ मध्ये. अर्ज परत. तीन आठवडे मी नोंदवहीवाल्यांनाच पत्रं लिहीत बसलो, आणि तो क्रमांक देणं त्यांच्या हातातच नव्हतं. तो कोमुने देतं. तिथे कळलं की खालचा मजला स्वतंत्र बिऱ्हाड म्हणून कधी नोंदलाच नव्हता. मालकाने नकाशासह अर्ज केल्याशिवाय क्रमांक नाही. खालचा मजला राहण्यासाठी मंजूरच नसेल तर वापरबदलाची परवानगी आणखी वेगळी. म्हणून सही करण्याआधी दाराजवळची, बिऱ्हाडाचा क्रमांक लिहिलेली छोटी चिकटपट्टी बघा. नसेल तर तिथेच थांबा.

ओळख पटवायला समक्ष जावं लागतं, पोरांनाही. बोट सव्वा तासाची, पण बेटाला उत्तरेला आणि दक्षिणेला अशी दोन बंदरं. कुठे लागेल ते वारा ठरवतो, आणि जोराचा असला तर सुटतच नाही. भेटीची वेळ घेताना आधीचा दिवस मोकळा ठेवा.

हो, लग्नाचा आणि जन्माचा दाखला भारतातूनच अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का मारून, आणा: आधी राज्याचा गृह विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय. इथून ते करणं म्हणजे डोकेदुखी.

एवढी घाई मतदानासाठी. आपल्यासारख्यांना स्थानिक निवडणुकीत मत मिळतं ते देशात सलग तीन वर्षं नोंद असेल तर, आणि त्या वर्षी ३० जूनला ज्या कोमुनेत नाव, तिथेच. इथे १९२५ साली बारापैकी अकरा जागांवर बायका निवडून आल्या आणि ओसा हेल्गेसेन ही सुईण देशातली पहिली महिला महापौर झाली. पुढची निवडणूक २०२७ ला. यू०१०१ ची चिकटपट्टी आता दारावर आहे, पहिल्याच पावसात एक कोपरा सुटलाय.