किते की कित्ते?

भाच्याला सांगलीला कार्ड पाठवायचं होतं म्हणून इथे जपानमधल्या पोस्टात गेले. घरून घोकून आणलेलं जपानी वाक्य म्हटलं, तर काउंटरमागचे काका उठले आणि चक्क बाहेर येऊन माझ्यापुढे उभे राहिले. मला हवी होती पोस्टाची तिकिटं, म्हणजे 'कित्ते'; वाक्य होतं 'कित्ते कुदासाई', तिकिटं द्या. त्यांना ऐकू आलं 'किते कुदासाई', म्हणजे 'या ना'!

मी तर कित्तेच म्हणाले होते. 'दिली' आणि 'दिल्ली', 'मका' आणि 'मक्का' यांत जन्मात गोंधळ न झालेली बाई मी.

जपानी शिकवणाऱ्या सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, टाळ्या वाजवून दाखवल्या. तीन. पहिलीला 'कि', तिसरीला 'ते', आणि मधल्या टाळीला काहीच नाही. जीभ दातांमागे टेकवून गप्प बसायचं. मी 'त्त'ला जोर देत होते, वेळ देत नव्हते. लिहिताना या गप्प बसण्यासाठी छोटा 'त्सु' हे अक्षर काढतात आणि हायकूच्या ५-७-५ मध्येसुद्धा तो पुरता एक मोजतात. या मापाला त्या 'हाकु' म्हणतात.

म्हणजे मात्राच की! शाळेत वृत्तं शिकताना घोकलं होतं: जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू. जास्तीची मात्रा आपण आधीच्या अक्षराच्या खात्यावर टाकतो, या लोकांनी शांततेचं वेगळं खातं उघडलंय. हे डोक्यात बसल्यावर जीभ जरा वळायला लागली. आता तोझाई लाइनच्या मेट्रोत उभ्या उभ्या बोटांवर मोजते. 'साका' चढ, 'साक्का' लेखक. 'ओतो' आवाज, 'ओत्तो' नवरा. (आमचा घोरतो, त्यामुळे इथे चुकलं तरी चालतं.)

मराठीत मात्र द्वित्ताचा आणखी एक उद्योग आहे, आणि तो मला जास्त आवडतो. मोठा फुगून मोठ्ठा होतो, किती लाडात आली की कित्ती, अजिबात चिडलं की अज्जिबात. शब्द तोच, फक्त बोलणाऱ्याचा पारा चढलेला.

काल आईचा फोन.

"बँकेचा फॉर्म भरलास?"

"आता भरते गं."

"आता नाही. आत्ता."

त्या 'त्त'वर आई मोजून दोन टाळ्या थांबली होती. फोन कानाला तसाच ठेवून मी लॅपटॉप उघडला.