कॅलेंडरवरचे तास : सडबरीतल्या एका फ्रेंच मंडळाला अनुदान मिळालं त्याची गोष्ट

आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या कडेला एक कॅलेंडर लटकतं आणि त्याला सुतळीने पेन्सिल बांधलेली असते. खुर्च्या मांडायला, सूप ढवळायला, म्हाताऱ्यांना घरून आणायला जो येईल त्याने जाताना त्या तारखेच्या चौकोनात आपलं नाव आणि तास लिहायचे. ही शिस्त आमच्या ७८ वर्षांच्या अध्यक्षबाईंची. अनुदानाच्या खटाटोपात शेवटी याच कॅलेंडरने आम्हाला तारलं.

मी मूळची बेळगावची. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हौसेने फ्रेंच शिकले, पुढे हिशोबाच्या कामात पडले आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तरेकडच्या सडबरीला आले. निकेलच्या खाणींचं हे गाव. कॅनडातलं फ्रेंच म्हटलं की आपल्याला क्वेबेक हा फ्रेंच बहुसंख्येचा प्रांत आठवतो, पण क्वेबेकबाहेरही दहा लाखांच्या आसपास फ्रेंच भाषक राहतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या ऑन्टॅरिओत आहेत. त्यांचा हिरवा-पांढरा झेंडा पहिल्यांदा फडकला तो इथेच, २५ सप्टेंबर १९७५ ला, सडबरी विद्यापीठाच्या आवारात.

इथे कोणी मला विचारतं, तुझा या भाषेशी काय संबंध? तेव्हा मला माझे बाबा आठवतात. शेताचा उतारा कानडीत यायचा, तो वाचून घ्यायला ते शेजारच्या मास्तरांकडे जायचे. स्वतःच्या जमिनीचा कागद हातात धरून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेले बाबा मी पाहिले आहेत. त्यामुळे मंडळाला हिशोबनीस हवी आहे असं कळलं, तेव्हा मला विचार करावा लागला नाही. अध्यक्षबाईंना मी पहिल्या दिवशी फ्रेंचमध्ये अहो-जाहो करत होते. त्यांनी तिथल्या तिथे दटावून ‘तू’ म्हणायला लावलं.

सरकार इथल्या फ्रेंच भाषकांना मदत का करतं, ते आधी सांगायला हवं, कारण अर्जात पहिला प्रश्न तोच असतो. १९१२ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने ‘नियम १७’ काढून शाळेतलं फ्रेंच पहिल्या दोन इयत्तांपुरतं ठेवलं. १९१६ मध्ये ओटावाच्या गीग शाळेत मुलांच्या आयांनी टोपीच्या लांब टाचण्या हातात घेऊन, नियम झुगारून फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षिकांचं रक्षण केलं. तो नियम १९२७ पर्यंत चालला. पुढे इंग्रजी आणि फ्रेंचला समान दर्जा देणारा १९६९ चा अधिकृत भाषा कायदा आला, १९८२ च्या हक्कांच्या सनदेतल्या २३ व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या भाषेतल्या शाळेचा हक्क दिला, आणि २०२३ मध्ये त्या भाषा कायद्याची नव्याने बांधणी झाली. क्वेबेकबाहेर फ्रेंच भाषकांचं प्रमाण १९७१ मध्ये ६.१ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ३.३ टक्क्यांवर आलं. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांच्या केंद्राच्या कृती आराखड्यात शाळा, आरोग्य, संस्कृती, नवागतांचं स्वागत असं सगळं धरून ४१० कोटी डॉलर आहेत. आकडा मोठा वाटतो. आमच्यासारख्या मंडळापर्यंत तो ओघळत यायला काय काय लागतं, ते आता सांगते.

आम्हाला करायचं होतं ते साधं. शाळेतली मुलं, आफ्रिकेतून आलेली फ्रेंच बोलणारी नवी कुटुंबं आणि निवृत्त खाणकामगार यांना दुपारी एकत्र बसवायचं, गोष्टी सांगायच्या, ध्वनिमुद्रण करायचं. चोवीस हजार डॉलरचा अंदाज होता. केंद्राच्या आणि प्रांताच्या बऱ्याच योजना आहेत. आम्ही ज्या लहान योजनेकडे गेलो तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

कागदपत्रं गोळा करायला महिना गेला. नोंदणीचा दाखला, घटना, कार्यकारिणीची यादी, दोन वर्षांचे ताळेबंद, बैठकीचा ठराव, शाळेचं आणि ग्रंथालयाचं पाठिंब्याचं पत्र. अर्ज फ्रेंच किंवा इंग्रजी, कुठल्याही भाषेत करायचा हक्क आहे. मंडळातल्या दोघा-तिघांचं म्हणणं होतं की इंग्रजीत केला तर लवकर होईल. अध्यक्षबाईंनी तो विषय वाढूच दिला नाही.

पहिला अर्ज परत आला. चूक आमचीच होती. ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात आम्ही लिहिलं होतं की लोक आनंदी होतील, भाषा टिकेल. तिथे हवं होतं किती दुपारी, किती माणसं, त्यातली पंचविशीच्या आतली किती, आणि हे मोजणार कसं. दुसरं म्हणजे मंडळ स्वतः काय घालणार ते लिहिलंच नव्हतं. सरकार बहुतेक वेळा सगळा खर्च उचलत नाही, तुमचा वाटा मागतं. आमच्या खात्यात तर जेमतेम हीटरच्या बिलापुरते पैसे.

मग मी योजनेच्या अधिकारी बाईंना फोन केला. हे आधीच करायला हवं होतं. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांना मी हात जोडून सांगेन, लिहायला बसण्याआधी बोला. त्यांनी अर्धा तास दिला आणि सांगितलं की स्वयंसेवकांचे तासही वाटा म्हणून धरता येतात, फक्त नोंद हवी.

नोंद होतीच! मी चौदा महिन्यांची कॅलेंडरची पानं घरी नेली आणि तीन रविवार बसून एकेक चौकोन एक्सेलमध्ये उतरवला. कुठे पेन्सिल पुसट, कुठे सूपचा डाग. एका गृहस्थांचं नाव दर मंगळवारी दिसत होतं, खुर्च्या, दोन तास. मार्चनंतर ते दिसेना. मी अध्यक्षबाईंना विचारलं.

“तो गेला,” त्या म्हणाल्या. “पण मार्चपर्यंतचे तास त्याचेच आहेत, ते धर.”

सगळे मिळून ६१२ तास भरले. तशाच कामाला गावात जो दर मिळतो तो लावला, पानांच्या प्रती जोडल्या आणि अर्ज पुन्हा पाठवला.

दुसऱ्या खेपेला ‘समर्थन’ या भागात मी अधिकृत भाषा कायद्यातलाच एक शब्द घेतला. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात अल्पसंख्याक समाजाच्या जोमाबद्दल बोललं आहे. फ्रेंच मसुद्यात तिथे शब्द आहे ‘एपानुइस्मां’, म्हणजे कळी उमलावी तसं उमलणं, बहरणं. टिकून राहणं एवढंच कायदा मागत नाही, बहरायला मदत करा असं सरकारला सांगतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या बाबांच्या भाषेसाठी असा शब्द कुठल्या सरकारी कागदात मी पाहिला नव्हता.

उत्तराची वाट बघण्याचे दिवस सगळ्यांत वाईट गेले. सप्टेंबरमध्ये सुरू करायचं होतं, शाळेची बस ठरली होती. करारनाम्याच्या तारखेआधी केलेला खर्च धरत नाहीत, त्यामुळे बस रद्द करावी लागली. उत्तर आलं नोव्हेंबर संपताना, मंजूर झाले पंधरा हजार. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं हे कोणाला नवीन नाही. त्याच गावात २०२१ च्या एप्रिलमध्ये लॉरेन्शियन विद्यापीठाने ६९ अभ्यासक्रम बंद केले, त्यातले २८ फ्रेंचमधले होते. इथल्या लोकांना हातची गोष्ट जाण्याची धास्ती कायमची बसली आहे. मुलांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून सांगणं त्यांना फार जड गेलं.

जानेवारी ते एप्रिल, बर्फात, आठ दुपारी पार पडल्या. एक निवृत्त खाणकामगार आपल्या आईची गोष्ट सांगत होते. तिच्या लहानपणी इन्स्पेक्टर येतोय असं कळलं की वर्गातली फ्रेंच पुस्तकं लपवायची. कॅमेरूनहून आलेल्या कुटुंबातल्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, “कुठे लपवायची?” त्यांनी हाताने चौकोन करून दाखवला, शेगडीजवळची लाकडं ठेवायची पेटी. पुस्तकं तळाशी, वर लाकडं. ती मुलगी उठली आणि हॉलमधल्या हीटरच्या मागे डोकावून आली.

शेवटच्या अहवालाला अर्जाहून जास्त दिवस लागले. प्रत्येक पावती, हजेरीचे कागद, दोन्ही भाषांत सरकारचे आभार छापलेल्या भित्तिपत्रकाचा फोटो. रकमेचा शेवटचा दहावा हिस्सा अहवाल मंजूर होईपर्यंत राखून ठेवतात, तेवढे पैसे तोवर कार्यकारिणीतल्या दोघींनी पदरचे घातले.

लहान मंडळांना एकेका उपक्रमाचे पैसे मिळतात, पण दार उघडायला, फोन उचलायला, अर्ज लिहायला लागणारं माणूस त्यातून क्वचितच उभं राहतं. मोठ्या संस्थांना वर्षभराच्या कामकाजासाठी अनुदान असतं. ते थोडं जरी खालपर्यंत आलं, अर्ध्या वेळेचा एक पगार, तरी अशी मंडळं दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात न करता पुढे जातील. अहवालातल्या ‘सूचना’ या रकान्यात मी हे लिहिलं आहे, फ्रेंचमध्ये, पूर्ण दोन परिच्छेद.

राखून ठेवलेली रक्कम जूनमध्ये खात्यात आली. अध्यक्षबाईंना फोन केला तेव्हा त्या मंडळाच्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी आधी विचारलं, अहवालाला किती तास लागले. मी म्हटलं, चाळीस तरी. “मग ये आणि लिही,” त्या म्हणाल्या, “तुझं नाव कॅलेंडरवर कुठेच नाही.”