चेंबरमधला वायसर

आज बाबांच्या ७२ च्या फियाटचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑइल साठणारा पत्र्याचा डबा, खाली उतरवलं आणि तळाच्या काळ्या गाळात बोट घातलं तर हाताला एक वायसर लागला. नुसता वायसर. नट नाही, बोल्ट नाही.

आता हा आला कुठून? इंजिनातलं काहीच सुटलेलं नाही, मिस्त्रीकाकांनी दोनदा बघितलं. म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी हातून आत पडला आणि त्याने तसंच पॅकिंग लावून चेंबर बंद केलं. काका ऑइल गाळणारी जाळी रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासत होते, मान वर न करता म्हणाले, "पडला ते त्याला कळलं असणार. आवाज येतो ना पत्र्यावर."

ते वाक्य डोक्यातून जाईना. जाळी अर्धी जुन्या पॅकिंगच्या तुकड्यांनी बुजलेली, ऑइल वर चढणार कसं, आणि आम्ही वर्षभर ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याला शिव्या देतोय की वायरिंग खराब आहे म्हणून! कुर्ल्यात बनलेलं १०८९ सीसीचं ते इंजिन बिचारं अर्धपोटी पळत होतं.

नवीन कॉर्कचं पॅकिंग बसवलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, एकदम आवळलं तर कॉर्क फाटतो.

वायसर खिशातच आहे अजून. बाबांना दाखवू का? गाडी तेव्हा तेच स्वतः खोलायचे.