दोन कयाक छतावर घेऊन नागपूर ते इटियाडोह: सॅडलची निवड, बांधणी आणि वाटेतली काळजी

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. धानाची कापणी सुरू, धरण भरलेलं, सकाळच्या हवेत गारवा. पूर्व विदर्भात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद बोट, बाहेर काढायला याहून चांगले दिवस नाहीत. नागपूर, भंडारा, साकोली, कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि पुढे गोठणगावजवळचं इटियाडोह धरण असा सुमारे १६५ किलोमीटरचा रस्ता दोन कयाक छतावर घेऊन केला. या वृत्तांतात भर आहे तो छतावरच्या बांधणीवर. या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांचं गाडं तिथेच अडतं.

आधी वजनाचा हिशोब. एक कयाक ३.६ मीटर लांब, ६६ सेंटीमीटर रुंद, २३ किलोची. दुसरी ४.२ मीटर लांब, ६२ सेंटीमीटर रुंद, २५ किलोची. दोन्ही पॉलिइथिलीनच्या. दोन आडवे बार आणि त्यांचे पाय मिळून ६ किलो, सॅडलचे, म्हणजे बोट टेकवायच्या गाद्यांचे, दोन संच ४ किलो. एकूण ५८ किलो. गाडीच्या पुस्तिकेत छताची मर्यादा ७५ किलो दिली होती, म्हणून दोन्ही कयाक वर गेल्या. ही मर्यादा प्रत्येक गाडीची वेगळी असते आणि तिच्यात बारचं वजनही धरलेलं असतं. पुस्तिका उघडून आकडा वाचल्याशिवाय खरेदीला निघू नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या छतावरच्या रेल फक्त शोभेच्या असतात, प्लॅस्टिकच्या, चिकटवलेल्या. त्यांना बार लावला की पहिल्याच मोठ्या खड्ड्यात रेल उपटून येते. दोन्ही हातांनी रेल धरून जोर लावून हलवून पाहा, आणि ती भार घेते असं पुस्तिकेत लिहिलंय का तेही पाहा. नसेल तर दाराच्या चौकटीला धरणारे पाय घ्यावे लागतात.

सॅडल म्हणजे बोटीचं खोगीरच. पुढच्या बारवर दोन गाद्या, मागच्या बारवर दोन, आणि कयाक पाण्यात बसते तशीच, पोट खाली ठेवून, त्यांच्यात बसते. दुसरा पर्याय इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या कमानींचा. त्यात कयाक कुशीवर टेकते, बारवर जागा कमी लागते, पण २५ किलोची बोट डोक्यावर उचलून कमानीत टाकावी लागते आणि आडवा वारा तिला जास्त लागतो. फोमचे ठोकळे स्वस्त आहेत, गावाबाहेरच्या तलावापर्यंत चालतात. लांब पल्ल्याला ते सरकतात आणि दबून पट्टा ढिला पडतो. गोल किंवा किंचित व्ही आकाराच्या पोटाच्या कयाकला सॅडलच घ्यावं. रुंद, सपाट पोटाची, जिच्या आत न बसता वर बसतात अशी कयाक मात्र सॅडलमध्ये नीट बसत नाही. ती रबर गुंडाळलेल्या बारवर उलटी बांधलेली बरी.

विकत घेताना तीन गोष्टी तपासा. गादी आपल्या आसावर फिरून पोटाच्या उताराला चिकटते का. एकाच कोनात पक्की असलेली गादी फक्त एका काठावर टेकते आणि तिथेच खळगा पाडते. बार चौकोनी असेल तर यू आकाराचा बोल्ट आणि वर खाच असलेला असेल तर टी बोल्ट, यातलं बरोबर काय ते मोजून घ्या. आणि मागच्या दोन गाद्या गुळगुळीत किंवा फेल्ट लावलेल्या आहेत का. मागच्या गादीवरून बोट पुढे सरकवायची असते. चारही गाद्या चिकट रबराच्या असल्या तर एकट्या माणसाचं काम नाही.

दोन कयाकसाठी बार किती लांब हवा, हा प्रश्न नेहमी येतो. ६६ अधिक ६२ आणि मध्ये ४ सेंटीमीटर फट, म्हणजे १३२. बार होते १२० सेंटीमीटरचे आणि ते पुरले. बोटीची कड बारच्या बाहेर दोन्हीकडे ६ सेंटीमीटर गेली तरी बिघडत नाही, कारण एका बोटीच्या दोन गाद्यांमधलं अंतर ४० सेंटीमीटरच होतं आणि सगळ्या गाद्या बारवर आल्या. दोन बारमधलं अंतर मात्र जितकं जास्त तितकं चांगलं. आमच्या गाडीवर ७५ सेंटीमीटर मिळालं. ६० च्या खाली गेलात तर ब्रेक मारताच बोटीचं नाक झुलायला लागतं.

बसवण्याचा क्रम असा. गाद्यांचे नट आधी फक्त हाताने लावा. दोघांनी बोट पोटाखालून धरून उचला, टोकाच्या कड्यांना धरून नाही. ती कडी ओढण्यासाठी असतात. बोट सॅडलवर ठेवून दोन्ही बाजूंनी खाली दाबा, गाद्या आपोआप उताराला लागतील. आतला आडवा पडदा असेल तर त्याच्या जवळ गादी येईल असं पाहा, तिथे पोट सगळ्यात टणक असतं. मग पान्याने नट आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला १० चा पाना लागतो, आठ मिलिमीटरच्याला १३ चा. दोन्ही डिक्कीत ठेवा. आवळून झाल्यावर नटापासून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लांबूनही कळतं.

एकटे असाल तर छताच्या मागच्या कडेवर जुनी सतरंजी घडी करून टाका, नाक मागच्या गाद्यांवर टेकवा आणि शेपटीकडून ढकला. मागचा वायपर आणि छतावरची अँटेना आधी बघून घ्या. याच वेळी मोडतात.

आता पट्टा, ज्यावर सगळं अवलंबून आहे. सॅडल बोटीला फक्त जागा देतं, धरून ठेवतो तो पट्टाच. २५ मिलिमीटर रुंद, साडेतीन ते चार मीटर लांब, दात असलेल्या कॅम बकलचा पट्टा घ्या, एका बोटीला दोन. पट्टा बोटीवरून जाऊन बारच्या खालून वळलाच पाहिजे. नुसता सॅडलच्या कानातून ओवला आणि एक बोल्ट तुटला, तर सॅडलसकट बोट रस्त्यावर. टाकताना बकल हातात धरून मोकळं टोक पलीकडे फेका, नाहीतर बकल काचेवर आदळतं. हाताने जोर लावून ओढा, तेवढं पुरतं. ट्रकवाल्यांचा खटका, म्हणजे रॅचेटचा पट्टा, इथे वापरू नका. त्याने प्लॅस्टिकचं पोट कधी चेपलं हे कळतसुद्धा नाही. वरच्या मोकळ्या भागात पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्याने तो घूंऽऽ करत राहत नाही. उरलेलं टोक बारला गाठ मारून बांधा, दारात दाबू नका.

नाक आणि शेपूट वेगळ्या दोरीने बांधायची. पुढे ओढण्याची कडी किंवा बॉनेटच्या बोल्टखाली धरलेला पट्ट्याचा फास, मागेही कडी. कृषी केंद्रात मिळणारी निळी-पिवळी दोरी घसरते आणि उन्हाने कुजते. नायलॉन ओलं झालं की ताणतं. ६ मिलिमीटरची पॉलिएस्टर दोरी सगळ्यात बरी. गाठ तीच, जी ताडपत्री आवळताना ट्रकवर मारतात: मधे फास काढायचा, टोक त्यातून परत ओढायचं, दोन अर्ध्या गाठी. या दोऱ्या बोट खाली खेचण्यासाठी नाहीत. नाक वर उचललं जाऊ नये इतपत ताठ ठेवा. जास्त आवळल्या तर बोट केळीसारखी वाकते. मागे बाहेर आलेल्या शेपटीला लाल कापड.

रस्त्यावर पहिली तपासणी मौद्याच्या आधीच केली. चारही पट्टे हाताची दोन बोटं आत जातील इतके ढिले झाले होते. यात घाबरण्यासारखं काही नाही, गाद्या पहिल्या १०-१५ किलोमीटरमध्ये बसतात. पुन्हा ओढले, पुढे भंडारा, साकोली आणि कोहमारा इथे पाहिले, जागचे हलले नव्हते. महामार्गावर वेग ८० च्या आत ठेवला. समोरून येणारा ट्रक हवेचा झोत मारतो आणि नाक वर उचलायला बघतो. पुढची दोरी त्यासाठीच. कोहमाऱ्याला महामार्ग सोडला की गतिरोधक सुरू होतात, बऱ्याच ठिकाणी रंगाशिवाय. गतिरोधकावर बोट उडत नाही, मागेपुढे सरकते. म्हणून बोटीवर पट्ट्याच्या जागी चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. अर्जुनी मोरगावला एका बोटीची खूण तीन सेंटीमीटर मागे गेलेली दिसली. पुढच्या गादीवर वाळू होती. ती पुसून बोट परत जागेवर आणली, मग सरकली नाही. याच दिवसांत रस्त्याच्या कडेला धान वाळत असतं; गाडी आणि पट्ट्याची टोकं त्यावर जाऊ देऊ नका.

छतावरच्या बोटींसह उंची २.३ मीटर झाली होती. पुलांखाली अडचण नाही, पण तलावाच्या पाळीवरच्या बाभळी आणि बांबू खाली झुकलेले असतात. एकाने उतरून पुढे चालावं.

नवेगावबांधला थांबलो ते पाळीवरून पाहण्यापुरतंच. कोलू पाटील कोहळींनी बांधलेलं ते पाणी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे बोट उतरवू नये. इटियाडोहला पाटबंधारे कार्यालयात आधी विचारा आणि ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेलाही सांगा. त्यांची जाळी कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक असतं.

पोहोचल्यावर पहिलं काम पट्टे सैल करणं. उन्हात उभ्या गाडीवर ताणलेला पट्टा आणि तापलेलं पॉलिइथिलीन मिळून तासाभरात खळगा पाडतात. नोव्हेंबरात कमी, एप्रिल-मेच्या उन्हात हमखास. खळगा पडलाच तर बोट उलटी करून उन्हात ठेवा किंवा त्या जागी गरम पाणी ओता आणि आतून तळव्याने दाबा. बहुतेक वेळा तो निघतो.

परतीच्या वाटेवर साकोलीजवळ पाऊस लागला. सॅडलमध्ये बोटीचं तोंड वर असतं, पाणी थेट बसायच्या जागेत साठतं. ५० लिटर म्हणजे ५० किलो. छताची मर्यादा तिथेच ओलांडली. बसायच्या जागेवरचं झाकण सोबत हवंच, आणि त्यालाही दोरी बांधलेली हवी, नाहीतर वाऱ्याने उडून मागच्या गाडीच्या काचेवर जातं.

गाडीवर चढवण्याआधी बोट पूर्ण रिकामी करा, पोटाला आणि गाद्यांना चिकटलेलं शेवाळ, जलपर्णीचा तुकडा काढून टाका. एका तलावातली जलपर्णी दुसऱ्या मामा (माजी मालगुजारी) तलावात गेली तर शिंगाडा आणि मासे दोन्ही जातात. घरी आल्यावर बकलचे दात साध्या पाण्याने धुवा, चिखल बसला की पट्टा घसरतो. पट्टे सावलीत टांगा. सॅडल काढून ठेवणार असाल तर बारवर खडूने नाही, रंगाने जागा आखून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी मोजमाप पुन्हा करावं लागत नाही.